पाठ झालेल्या विनोदाला आपण पुन्हा का हसतो?

काही स्केचेस, म्हणजे दोन-चार मिनिटांचे अभिनीत विनोदी प्रसंग, आपल्याला पाठ असतात. दार कोण उघडणार, कुठल्या शब्दावर कोणाची भुवई वर जाणार, कुठे अर्धा सेकंद शांतता पसरणार, सगळं ठाऊक. तरी ते पुन्हा समोर आलं की आपण पाहतो आणि नेमके त्याच जागी हसतो. खरं तर त्या जागेच्या थोडं आधीच. मी तर पुष्कळदा "आता हसू येणार" या कल्पनेनेच हसायला लागते.

विचार केला तर हे विचित्र आहे. विनोदाचं मर्म अनपेक्षितपणात आहे, असं आपण धरून चालतो. इमॅन्युएल कांटने १७९० मध्येच लिहून ठेवलं होतं, की ताणून धरलेल्या अपेक्षेचं एकाएकी काहीच उरत नाही, तेव्हा हसू फुटतं. मग विसाव्या वेळी कसली अपेक्षा आणि कसलं एकाएकी? ऐकलेला विनोद कुणी पुन्हा सांगायला लागला तर आपण "ऐकलाय रे" म्हणून त्याला अडवतो. पाठ असलेलं स्केच मात्र दुसऱ्याला शेजारी बसवून मुद्दाम दाखवतो, आणि ते सुरू झाल्यावर पडद्याऐवजी त्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

ऑनलाइन स्केच चॅनेल लोकांना इतकं का धरून ठेवतं, याचं उत्तर मला या कोड्यात दिसतं. पण आधी स्केच म्हणजे काय ते पाहू.

स्केच म्हणजे लांबवलेला विनोद नव्हे आणि आखूड केलेलं नाटकही नव्हे. नाटकात माणूस बदलतो, गोष्ट पुढे सरकते. स्केचमध्ये कोणी बदलत नाही, कोणी काही शिकत नाही. एक वेडगळ नियम असतो आणि तो शेवटपर्यंत इमानदारीने पाळला जातो. बस. या नियमाला स्केच करणारी माणसं "गेम" म्हणतात. अमेरिकेतल्या अपराइट सिटिझन्स ब्रिगेड या विनोदी मंडळीच्या प्रशिक्षणात तर सगळा भर या गेमवरच असतो. प्रसंगातली पहिली विचित्र गोष्ट पकडायची आणि मग एकच प्रश्न विचारत राहायचा: हे खरं असेल, तर आणखी काय काय खरं असेल?

उदाहरण म्हणून आपणच एक स्केच रचू. हरवलेल्या वस्तूंची खिडकी. आत शांत चेहऱ्याचा कारकून. एक गृहस्थ तावातावाने येतात.

"अहो, माझा संयम सुटलाय!"

"बरं. कुठे सुटला?"

"बसमध्ये. अहो, म्हणजे…"

"शेवटचा कधी पाहिला होतात?"

"सकाळी होता."

"बांधून ठेवला नव्हता का?"

इथे गेम कळला. मराठीत संयम सुटतो, तोल जातो, भान हरपतं. या खिडकीवर ही सगळी वाक्यं शब्दशः खरी आहेत. आता फक्त पुढे जायचं. कारकून फडताळातून एक मोठं खोकं काढतो: "हा कालच सापडला, पण तुमचा इतका मोठा वाटत नाही." मागून एक बाई म्हणतात, "माझा तोल गेलाय." कारकून वर न बघताच म्हणतो, "तो रोजच जातो, संध्याकाळी येईल परत." कोपऱ्यात एक गृहस्थ नुसतेच उभे आहेत. "यांचं भान हरपलंय," कारकून सांगतो, "काय विचारायला आलेत तेच आठवत नाही. मंगळवारपासून उभे आहेत." पहिले गृहस्थ आता खिडकीवर हात आपटून ओरडायला लागतात. कारकून शांतपणे दुसरा अर्ज पुढे सरकवतो आणि विचारतो, "हा पहिलाच पुन्हा सुटला, की तुमच्याकडे दोन होते?" कट.

दीड-दोन मिनिटांत संपलं. यात गोष्ट अशी नाही. त्या गृहस्थांचं नाव काय, बसमध्ये काय घडलं, कारकुनाला घरी कोण वाट बघतंय, आपल्याला काहीच माहीत नाही आणि माहिती करून घ्यायची इच्छाही नाही. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हसण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येतं, आणि हसताना आपलं हृदय क्षणभर बधिर झालेलं असावं लागतं. आपला कारकून असंच यंत्र आहे. समोरचा माणूस रडकुंडीला आला तरी त्याचा अर्ज पुढे सरकतोच. त्या गृहस्थांची खरीखुरी दया आली, तर मात्र आपण हसायचं थांबू. म्हणून स्केचला आखूड राहणं भाग असतं. पाच-सात मिनिटं एखाद्या माणसाकडे बघत राहिलं की त्याच्याविषयी माया वाटायला लागते, आणि माया वाटली की खेळ संपला.

त्या तावातावाने आलेल्या गृहस्थांकडेही नीट पाहा. वेडेपणा सगळा कारकुनाचा आहे. गृहस्थ बिचारे आपल्यासारखेच. इंग्रजी रंगभूमीवर या पात्राला "स्ट्रेट मॅन" म्हणतात, आपण त्याला सरळ माणूस म्हणू. हे काम दिसायला दुय्यम, पण सगळं स्केच त्याच्या खांद्यावर. नियम वेडगळ आहे हे प्रेक्षकाला त्याच्याच चेहऱ्यावरून कळतं. तो नसेल तर दोन वेडे एकमेकांशी बोलत राहतील आणि आपण बाहेरून नुसते पाहत राहू. बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो ही अमेरिकेतली गाजलेली जोडी. त्यात लोक हसायचे कॉस्टेलोला, पण सुरुवातीला कमाईतला साठ टक्के वाटा असायचा अ‍ॅबटचा, म्हणजे सरळ माणसाचा. त्या काळच्या व्यवसायात ही रीतच होती. पडणारे पुष्कळ मिळतात, पडणाऱ्याकडे नीट बघणारा मिळत नाही, हे पैसे मोजणाऱ्यांना कळत होतं.

आता हा प्रकार इंटरनेटवर इतका का रुजला ते पाहू.

टीव्हीवर स्केचला कायम एक अडचण असायची: संपवायचं कसं? गेम कळला, वाढवला, टोकाला नेला, आता पुढे काय? चांगली शेवटची ओळ दर वेळी सुचत नाही. ५ ऑक्टोबर १९६९ ला बीबीसीवर सुरू झालेल्या "माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस"च्या मंडळींनी यावर सरळ उपाय काढला, शेवटच करायचा नाही. स्केच ऐन मध्यात सोडून द्यायचं आणि टेरी गिल्यमच्या कागदी अ‍ॅनिमेशनवरून घसरत पुढच्या स्केचमध्ये शिरायचं. अमेरिकेत ११ ऑक्टोबर १९७५ पासून चालू असलेल्या "सॅटर्डे नाइट लाइव्ह"ला तेवढी मोकळीक नव्हती. दीड तासाचा थेट कार्यक्रम, वेळ भरून काढायचाच. त्यात दोन स्केचेस झकास असतील तर चार रटाळ, आणि प्रेक्षकाने सगळी सहन करायची.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, अवघ्या १९ सेकंदांचा. त्याच वर्षी १७ डिसेंबरला "सॅटर्डे नाइट लाइव्ह"मध्ये एक अडीच मिनिटांचा चित्रित तुकडा दाखवला गेला. दोन तरुण अत्यंत गंभीर चेहऱ्याने, जणू काही मोठा गुन्हा करायला निघाल्यासारखे, दुपारी सिनेमाला जाण्यावर रॅप करतात. कोणीतरी तो यूट्यूबवर टाकला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. पुढच्या फेब्रुवारीत वाहिनीने तो काढायला लावला, पण तोवर एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली होती: दीड तासाच्या कार्यक्रमातून अडीच मिनिटं सुटी काढली तर ती कार्यक्रमापेक्षा लांब जातात. मार्च २००६ मध्ये यूट्यूबने साध्या खात्यांना व्हिडिओसाठी दहा मिनिटांची मर्यादा घातली. इतरांना ती जाचली असेल, स्केचवाल्यांना दहा मिनिटं म्हणजे चैन होती.

शेवटाचा प्रश्नही आपोआप सुटला. टीव्हीवर पुढचं काहीतरी सुरू करायचं असतं, म्हणून आधीचं रीतसर बंद करावं लागतं. व्हिडिओ नुसता थांबला तरी चालतो. वर सांगितलेल्या खिडकीच्या स्केचला शेवट नाहीच. टोकाची ओळ आली, कट झाला, पडदा काळा. हसू प्रेक्षकाच्या तोंडात असतानाच निघून जायचं.

इथवरचं सगळं एका सुट्या स्केचचं झालं. चॅनेलचं काय? दर आठवड्याला त्याच माणसांचं नवं स्केच का बघायचं? पाहुण्यासारखं एकदा बघून निघून का जात नाही आपण?

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन संशोधकांनी २०१० मध्ये एक सिद्धांत मांडला. त्यांच्या मते हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. काहीतरी चुकीचं, मर्यादा मोडणारं घडलं पाहिजे, आणि त्याच क्षणी "यात धोका नाही" हेही वाटलं पाहिजे. ओळखीच्याने गुदगुल्या केल्या तर हसू, अनोळख्याने केल्या तर किंकाळी, आणि स्वतःलाच केल्या तर काहीच नाही. कारण पहिल्यात दोन्ही आहेत, दुसऱ्यात नुसता धोका, तिसऱ्यात धोकाच नाही. विनोदाची सगळी व्याख्या यात बसते असं मला वाटत नाही, पण चॅनेलच्या बाबतीत हा धागा फार उपयोगी पडतो. अनोळखी माणसाने स्क्रीनवर काही वाह्यात केलं तर आपण आधी सावध होतो: हा खरंच असा आहे की सोंग करतोय? चॅनेलवरच्या चेहऱ्यांबद्दल हा प्रश्न पडत नाही. गेल्या आठवड्यात हीच बाई न्यायाधीश होती, त्याआधी चोर, त्याआधी बोलणारं कपाट. "यात धोका नाही" ही अर्धी अट तिचा चेहरा दिसताक्षणी पूर्ण होते. म्हणून ही मंडळी नवख्याला परवडणार नाही इतक्या टोकाला जाऊ शकतात आणि आपण बिनधास्त मागे जातो.

सिनेमातला चांगला नट भूमिकेत विरघळून जातो. स्केचमधला नट मुद्दामच विरघळत नाही. केसांचा टोप टोपच दिसतो, मिशी एका बाजूने सुटलेली असते, सेट म्हणजे दोन खुर्च्या आणि एक टेबल. शिकागोत १९५९ मध्ये सुरू झालेल्या सेकंड सिटी या विनोदी रंगमंचाने हीच रीत रूढ केली होती: खुर्च्या तेवढ्या खऱ्या, बाकी सगळं प्रेक्षकाने मानायचं. त्यामुळे आपण एकाच वेळी दोन गोष्टी पाहत असतो, पात्र आणि ते सोंग काढणारा माणूस. गंमत त्या दोघांमधल्या फटीत असते. म्हणूनच नटाला भर प्रसंगात हसू आवरेनासं झालं की आपल्याला इतका आनंद होतो. नाटकात हा दोष. तालीम मास्तर कान उपटेल. ऑनलाइन मात्र फसलेले टेक जोडून वेगळा व्हिडिओ काढतात आणि लोक तो मूळ स्केचइतक्याच आवडीने पाहतात.

ही फट पाहून पाहून त्या माणसांची ओळख झाल्यासारखं वाटू लागतं. कोणाला हसू लवकर फुटतं, कोण दगडासारखा उभा राहतो, कोणाला नेहमी बिचाऱ्याची भूमिका मिळते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये टीव्ही-रेडिओवरच्या सूत्रधारांबद्दल अशा ओळखीचं वर्णन केलं होतं. प्रेक्षक त्यांना घरच्यासारखं ओळखतो, त्यांना मात्र प्रेक्षकाचं नावही ठाऊक नसतं. त्या काळी समोर खोलीतली पेटी होती. आज तोच चेहरा हातभर अंतरावर, बहुतेक वेळा कानात आवाज घालून, आपण एकटे असताना बोलतो.

आणि एकटे असणं हा हसण्याच्या दृष्टीने मोठाच अडथळा आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन हा अमेरिकन शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांसह सार्वजनिक ठिकाणी लोकांचं हसणं टिपत फिरला. बाराशे प्रसंग जमले. त्यातल्या जेमतेम दहा ते वीस टक्के हसण्यांच्या आधी विनोद म्हणावा असं काही बोललं गेलं होतं. उरलेल्या वेळी लोक "चला, भेटू" असल्या वाक्यांनाही हसत होते. टीव्ही-रेडिओची सोबत नसेल, तर माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, असंही त्याला आढळलं. म्हणजे हसू हे मुळात विनोदाला दिलेलं उत्तर नाहीच. ती शेजारच्या माणसाला दिलेली खूण आहे.

टीव्हीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक यंत्र बनवलं, बटणं दाबली की त्यातून हवं तसं ध्वनिमुद्रित हसू निघायचं. घरी एकट्या बसलेल्या माणसाला ती उसनी सोबत. ऑनलाइन स्केचमध्ये बहुधा हे हसू नसतं, आणि ते बरंच आहे, कारण मघाशी सांगितलेली अर्धा सेकंदाची शांतता त्या हसण्यात बुडून गेली असती. पण मग सोबत कोणाची?

मला वाटतं, तीच त्या चेहऱ्यांची. आपण खोलीत एकटे असतो, पण ओळखीच्या चार-पाच माणसांच्या गोतावळ्यात बसल्यासारखं वाटतं. उरलेलं काम लिंक पाठवून होतं. स्केच पाहिल्यावर दुसऱ्याच क्षणी "हे तर अगदी तिच्यासारखं आहे" म्हणत आपण ते मैत्रिणीला पाठवतो. तिचं उत्तर येईपर्यंत आपलं हसू अर्धंच असतं. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. दात न दाखवता केलेल्या स्मितापासून ते खदखदून केलेल्या अतिहसितापर्यंत. फोनवर एकटीने स्केच पाहताना मी फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत जाते, दात जरासे दिसतात इतकंच. तेच स्केच मैत्रिणीबरोबर पाहताना सरळ सहाव्या पायरीवर. स्केच तेच, टायमिंग तेच.

चेहऱ्यांची ही ताकद किती, याचा पुरावा म्हणावा असं एक प्रकरण घडून गेलंय. "कॉलेजह्यूमर" हे १९९९ मध्ये सुरू झालेलं अमेरिकन संकेतस्थळ पुढे स्केचेससाठी नावाजलं. पण स्केच हा तोट्याचा धंदा आहे. दर वेळी नवी जागा, नवे कपडे, नवी संहिता, दिवसभराचं चित्रीकरण, आणि हाती येतात तीन मिनिटं. जानेवारी २०२० मध्ये मालक कंपनीने हात काढून घेतला, शंभरहून अधिक लोकांची नोकरी गेली. तिथेच वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सॅम राइश यांनी उरलेली कंपनी स्वतःकडे घेतली आणि "ड्रॉपआउट" ही त्यांची वर्गणीवर चालणारी सेवा वाढवत नेली. २०२३ मध्ये कंपनीचं नावही तेच झालं. आता तिथे मुख्यतः काय चालतं? संहिता नसलेले खेळ. तीन कलाकार उभे करायचे, त्यांना काहीतरी अडचणीत टाकणारं काम द्यायचं आणि ते कसे निभावतात ते पाहायचं. स्केच जवळपास गेलं, तरी लोक वर्गणी भरून थांबले. स्केचसाठी आलेले कित्येक जण माणसांसाठी राहिले.

यावरून स्केच लिहिणं दुय्यम आहे असं मात्र कोणी समजू नये. कीगन-मायकल की आणि जॉर्डन पील या दोघांचा कार्यक्रम २०१२ ते २०१५ अशी पाच पर्वं अमेरिकेतल्या टीव्हीवर चालला, आणि जगभर पोहोचला तो मुख्यतः यूट्यूबवरच्या सुट्या तुकड्यांमुळे. माणसं दोन, स्केचेस शेकड्यांनी. ती इतकी टिकली, कारण प्रत्येकातला गेम पहिल्या तीस-चाळीस सेकंदांत लख्ख कळतो. यातला पील नंतर भयपटांकडे वळला आणि २०१८ मध्ये त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. मला त्याचं नवल वाटलं नाही. दार उघडायच्या आधी किती थांबायचं, हे दोन्हीकडे सारखंच मोजावं लागतं.

आता मूळ कोडं. विसाव्या वेळी हसू का? गाण्याच्या बैठकीत जाणकाराला सम कुठे येणार हे आधीच माहीत असतं. ते माहीत असतं म्हणूनच गायक वळणं घेत घेत नेमका समेवर आला की त्याची मान हलते. पाठ असलेलं स्केच तसंच ऐकलं जातं. काय होणार हा प्रश्न मिटलेला असतो, त्यामुळे कसं होतंय याकडे बघायला डोळे मोकळे होतात. पहिल्या वेळी आपण बोलणाऱ्याकडे बघतो. दुसऱ्या वेळी ऐकणाऱ्याकडे, म्हणजे त्या सरळ माणसाच्या चेहऱ्याकडे, आणि लक्षात येतं की निम्मं काम तो करतोय. तिसऱ्या वेळी नजर मागे जाते.

आपल्या खिडकीच्या स्केचमध्ये मागे कोपऱ्यात ते भान हरपलेले गृहस्थ उभे आहेत. त्यांना एकही वाक्य नाही. पहिल्या दोन वेळी आपण त्यांना पुरते विसरलेले असतो. तिसऱ्या वेळी दिसतं, की त्यांच्या काखेत एक खोकं आहे. कारकून त्याबद्दल काही बोलत नाही, कॅमेराही तिकडे वळत नाही. ते गृहस्थ तर फडताळाकडेच बघताहेत.